अंगठ्याच्या बुडाचं दुखणं: स्प्लिंट, जेल, मेण आणि ओपनर यांतलं कामाचं काय

बरणीचं झाकण फिरवताना, कुलपात किल्ली वळवताना, ओलं फडकं पिळताना अंगठ्याच्या बुडाशी खोलवर कळ येते. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, पण दहा-पंधरा मिनिटांत मोकळी होतात. नखांजवळच्या पेरांवर टणक गाठी दिसू लागतात. चाळिशी-पन्नाशीनंतर, आणि बायकांमध्ये पाळी थांबण्याच्या आसपास, अशी लक्षणं दिसली की ती बहुतेक वेळा हाताच्या सांध्यांच्या झिजेची, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसची असतात. मग खरेदी सुरू होते: सांध्याला आधार देणारे पट्टे (स्प्लिंट), हातमोजे, मलमं, तांब्याची कडी, मेणाची भांडी, गोळ्या. या सगळ्यांचा हा आढावा. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण फरक पडतो तो वस्तूच्या प्रकाराने आणि ती वापरण्याच्या पद्धतीने.

पारखायची कसोटी एकच ठेवली आहे: ही वस्तू वापरल्यावर अंगठ्याच्या बुडावर येणारा जोर कमी होतो का? कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ मध्ये अंगठ्यातल्या बलांचं गणित मांडलं. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत १ किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या टोकाच्या सांध्यावर सुमारे ३ किलो, मधल्या सांध्यावर सुमारे साडेपाच किलो आणि बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलो दाब येतो. घट्ट मुठीत पकडताना बुडावरचा दाब १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. अंगठा ही लांब तरफ आहे आणि तिला ओढणारे स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले आहेत, त्यामुळे टोकाशी लावलेला थोडासा जोरही बुडाशी कितीतरी पटींनी वाढतो. त्यात हा सांधा खोगिरासारखा, सगळीकडे वळणारा आणि म्हणून मुळातच सैल. चिमटीतला अर्धा किलो वाचवला की बुडावरचे ६ किलो वाचतात. खालच्या प्रत्येक वस्तूकडे याच नजरेने पाहिलं आहे.

पैसे खर्च करण्याआधी दुखणं कुठलं आहे याची खात्री करून घ्यावी. झीज सहसा तीन ठिकाणी होते: नखाजवळची पेरं (तिथल्या गाठींना हेबर्डनच्या गाठी म्हणतात), बोटांची मधली पेरं (बूशारच्या गाठी) आणि अंगठ्याचं बूड. मुठीचे उंचवटे, म्हणजे बोटांच्या मुळाचे सांधे, दोन्ही हातांत मऊ सुजलेले आणि गरम असतील आणि सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत असेल, तर तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती वेळेत सुरू व्हावी लागतात, स्प्लिंट घेऊन महिने घालवू नयेत. नखांवर खळगे पडले असतील किंवा अंगावर सोरायसिसचे चट्टे असतील, तर शेवटच्या पेराची सूज झिजेची नसून सोरायसिसच्या संधिवाताची असू शकते. अंगठ्याकडून मनगटाच्या कडेने वर चढणारी कळ, अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवलं की तीव्र होणारी, ती बहुधा स्नायूबंधाच्या आवरणाची, डी क्वेरवेन नावाच्या दुखण्याची. रात्री अंगठा-तर्जनी-मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दबलेली असू शकते. या चारही बाबतींत पुढचा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही.

एक्स-रे काढला असेल तर त्यातल्या चित्राने घाबरून जाऊ नये. सांधा पार झिजलेला दिसतो आणि माणूस निवांत काम करत असतो. चित्र जवळपास ठीक असतं आणि दुखणं झोपू देत नाही. दोन्ही नेहमी पाहायला मिळतं.

स्प्लिंट: सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत चुकीची वापरली जाणारी वस्तू

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अंगठ्याच्या बुडासाठी स्प्लिंटची ठाम शिफारस आहे. युरोपच्या तज्ज्ञ संघटनेनेही, युलारने, २०१८ मध्ये तो सुचवला, आणि निदान ३ महिने वापरावा असं सांगितलं. हा ३ महिन्यांचा आकडा महत्त्वाचा आहे. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना मापाने शिवलेला निओप्रीनचा (रबरासारख्या ताणणाऱ्या कापडाचा) स्प्लिंट फक्त रात्री घालायला दिला होता. महिन्याभरानंतर स्प्लिंट घालणारे आणि न घालणारे यांच्यात फरक नव्हता. वर्षानंतर मात्र घालणाऱ्यांचं दुखणं स्पष्ट कमी झालेलं होतं आणि हातही जास्त चालत होता. आठवड्यात गुण आला नाही म्हणून खणात टाकलेले स्प्लिंट घरोघरी असतात, त्यांची गोष्ट एवढीच आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत खरा स्प्लिंट आणि आधार न देणारा नुसता दिखाऊ स्प्लिंट यांची तुलना ८ आठवड्यांनी केली. व्यायाम आणि हात जपण्याचं शिक्षण सगळ्यांनाच दिलं होतं. खऱ्या स्प्लिंटचा जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणून आमचं मत असं: स्प्लिंट व्यायामाच्या आणि सवयी बदलण्याच्या जोडीला घ्यावा, त्यांच्याऐवजी नव्हे, आणि घेतलाच तर नीट बसणारा घ्यावा.

प्रकार मुख्यतः दोन. निओप्रीनचा मऊ स्प्लिंट उबदार असतो, घालून बरीच कामं करता येतात, आणि लोक तो खरोखर घालतात, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. दोष असे की तो सांध्याला थोडाच थोपवतो, घाम धरतो, ओला झाला की लवकर वाळत नाही आणि काहींना त्याच्या रसायनांची ॲलर्जी होते. पट्ट्याच्याच आकाराचा लाल, खाजरा चट्टा उठला तर घट्टपणाला दोष न देता ॲलर्जीचा संशय घ्यावा आणि तो स्प्लिंट सोडून द्यावा. दुसरा थर्मोप्लास्टिकचा, हँड थेरपिस्टने (हाताचे व्यायाम आणि स्प्लिंट पाहणाऱ्या तज्ज्ञाने) हातावरच घडवलेला. हे प्लास्टिक साधारण ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात मऊ पडतं, मग हातावर ठेवून आकार देतात. सांधा खरा स्थिर ठेवतो तो हाच. पण उन्हात उभ्या गाडीत राहिला किंवा गरम पाण्याने धुतला तर वाकतो, आणि वाकलेला स्प्लिंट न घातलेलाच बरा.

लांबीचं म्हणाल तर आखूड, म्हणजे मनगट मोकळं सोडणारा, बहुतेकांना पुरतो. मनगटही बांधणारा लांब स्प्लिंट दुकानात जास्त भक्कम वाटतो म्हणून उचलला जातो, पण मनगट अडकलं की खांदा आणि कोपर वेडेवाकडे फिरवून कामं करावी लागतात आणि तो दोन दिवसांत निघतो. दुखणं मनगटापर्यंत पसरलं असेल तरच लांब घ्यावा.

आता मापाची तपासणी, कारण खरी चूक इथे होते. पाकिटावर माप मनगटाच्या घेराचं दिलेलं असतं, आणि आधार हवा असतो अंगठ्याच्या बुडाला. स्प्लिंट घालून अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जुळवा. मधे गोल भोक दिसलं पाहिजे. ते चपटं, थेंबासारखं दिसत असेल तर स्प्लिंट अंगठ्याला तळहाताकडे दाबून धरतोय, आणि तसा महिनाभर घातला तर अंगठा-तर्जनीमधली जागा आखडते. मग चारही बोटं तळहातावर पूर्ण मिटवून पाहा. तळहाताच्या रेषेवर काठ रुतत असेल तर स्प्लिंट मोठा आहे. अंगठ्याचं नखाकडचं पेर मोकळं वाकलं पाहिजे. मनगट वर-खाली सहज हललं पाहिजे. शेवटी २० मिनिटं घालून काढा: त्वचेवरचे लाल वळ पुढच्या २० मिनिटांत विरले पाहिजेत. अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा किंवा झिणझिण्या आल्या तर मनगटाच्या कडेने जाणारी वरवरची नस दाबली जातेय. वेलक्रो सैल करूनही जात नसेल तर तो स्प्लिंट परत करावा.

एक गोष्ट आरशात किंवा दुसऱ्याकडून बघून घेण्यासारखी आहे. अंगठ्याने जाड पुठ्ठा चिमटीत धरा आणि अंगठ्याकडे बाजूने पाहा. निरोगी अंगठा बाहेरच्या बाजूला हलकी कमान धरतो. झीज पुढे गेलेल्या हातात बूड बाहेर सरकलेलं, मधला सांधा उलटा, आतल्या बाजूला दुमडलेला आणि टोक पुन्हा वाकलेलं दिसतं. एकूण आकार इंग्रजी झेड अक्षरासारखा. असं दिसलं तर फक्त बुडाला वेढणारा मऊ पट्टा पुरत नाही. मधला सांधा २० ते ३० अंशांत किंचित वाकलेला धरणारा स्प्लिंट हवा, आणि तो बनवून घ्यावा लागतो. तयार स्प्लिंटवर इथे खर्च करू नये.

घालायचा कधी? ठणका रात्री असेल तर रात्री. दिवसा असेल तर ज्या कामाने दुखतं त्या कामापुरता. चोवीस तास नको. सांधा कायम बांधून ठेवला की भोवतालचे स्नायू सुस्तावतात आणि स्प्लिंट काढल्यावर सांधा आणखी सैल वाटतो. पाण्यातल्या कामाला निओप्रीन घालू नये. ओल्या पट्ट्याखाली त्वचा सोलते. रात्री साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, न पिळता वाळत घालावा, आणि शक्य असेल तर दोन ठेवावेत.

नखाजवळच्या पेरासाठी बोटाला रात्री घालायची छोटी खोळ किंवा पट्टी मिळते. तीन महिने रात्री वापरून दुखणं कमी झाल्याचं एका लहान अभ्यासात दिसलं आहे. वाकडं झालेलं पेर सरळ मात्र होणार नाही. जोरात दुखणाऱ्या एखाद-दुसऱ्या पेरासाठी ती ठीक आहे, दहाही बोटांना घालण्यात अर्थ नाही.

जेल: माप आणि वेळ चुकली की वाया

दोन्ही मार्गदर्शक सूचनांमध्ये गोळ्यांच्या बरोबरीने किंवा आधी लावायच्या दाहशामक औषधाला जागा आहे. युलार तर हातासाठी लावायचं औषध आधी वापरून पाहा असंच सांगते. हाताचे सांधे त्वचेच्या अगदी जवळ असल्याने औषध तिथवर पोचतं, आणि रक्तात जाणारं प्रमाण गोळीच्या मानाने फारच कमी राहतं. साठीनंतर रक्तदाब, मूत्रपिंड, पोट यांपैकी काही ना काही नाजूक असतंच, त्यामुळे हा फायदा मोठा आहे.

डायक्लोफेनॅक या दाहशामक औषधाच्या १ टक्का जेलचं अमेरिकेतलं मान्य माप असं: एका हाताला एका वेळी २ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा. २ ग्रॅम म्हणजे त्या ट्यूबसोबत येणाऱ्या मोजपट्टीवर सव्वादोन इंच, सुमारे पावणेसहा सेंटिमीटर लांबीची रेघ. लोक लावतात वाटाण्याएवढं, तेही दुखेल तेव्हा एकदा, आणि आठवड्याने म्हणतात काही फरक नाही. फरक कळायला रोज नियमाने लावून ७ दिवसही लागू शकतात. २.३२ टक्क्यांचं जेल मात्र दिवसातून दोनदाच लावायचं असतं. दोन्ही ट्यूब सारख्या दिसतात, म्हणून टक्केवारी वाचूनच घ्यावी.

हाताला लावायच्या जेलची खास अडचण म्हणजे हात धुतले जातात. लावल्यावर निदान १ तास हात धुवायचे नाहीत. म्हणजे वेळा ठरवताना जेवण, स्वयंपाक, आंघोळ यांच्या नंतरची वेळ निवडायची. तासभर तो हात डोळ्याला, तोंडाला लावायचा नाही, लहान मुलाला हाताळायचं नाही. हातमोजा किंवा स्प्लिंट चढवायच्या आधी १० मिनिटं वाळू द्यायचं. जेलवर गरम शेक, मेण किंवा घट्ट गुंडाळी नको, त्याने औषध नको तेवढं आत शिरतं. लावलेल्या भागावर कडक ऊन नको. कापलेल्या, सोललेल्या त्वचेवर नको. सोबत दाहशामक गोळी चालू असेल, ॲस्पिरिनने कधी दम लागला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ३ आठवड्यांच्या पुढे नको.

मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलम गुडघ्यासाठी चालतं, हातासाठी आम्ही ते बाजूला ठेवू. बोटांवर लावलेलं मलम कधी ना कधी डोळ्यात जातं. अमेरिकन सूचनांनीही हातासाठी त्याच्या विरोधातच कल दिला आहे. पुदिन्या-कापराच्या थंड-गरम मलमांनी थोडा वेळ बरं वाटतं. ती चोळण्यात दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला श्रम होणार नाहीत एवढं पाहावं.

मेणाचं भांडं

मेणाच्या शेकाने झीज थांबत नाही. पण आखडलेली बोटं तासा-दोन तासांसाठी सैल होतात आणि त्या वेळात व्यायाम केला तर जमतो, म्हणून तो उपयोगी. एका चाचणीत आठवड्यातून ५ दिवस, ३ आठवडे शेक घेतल्यावर दुखणं कमी झालं होतं. गरम पाण्यापेक्षा मेण बरं, कारण ते बोटांच्या सगळ्या बाजूंना चिकटून सावकाश उष्णता सोडतं.

मात्र थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप स्थिर ठेवणारी सोय, असलेलंच भांडं घ्यावं. वापरण्याचं तापमान ५२ ते ५४ अंश सेल्सियस. साधं मेण एवढ्याला नीट वितळत नाही, म्हणून त्यात पातळ पॅराफिन तेल घातलेलं असतं, साधारण ६ किंवा ७ भाग मेणाला १ भाग तेल. मेणबत्त्या वितळवून हे करू नये. त्यांचं मेण जास्त तापमानाला वितळतं आणि भाजतं. उघड्या आचेवर मेण ठेवणं तर आगीला आमंत्रण आहे. भांड्यात मेणाच्या पृष्ठभागावर साय धरू लागली, म्हणजे तापमान खाली यायला लागलं, आणि थर्मामीटरने ५४ च्या आत दाखवलं, की हात घालायचा.

अंगठ्या काढा. हात धुऊन अगदी कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांतही. पाण्याचा थेंब राहिला तर त्या जागी चटका बसतो. बोटं किंचित फाकवून हात मनगटापर्यंत बुडवा, लगेच बाहेर काढा, थर पांढरट होईपर्यंत काही सेकंद थांबा, पुन्हा बुडवा. असं ६ ते १० वेळा. पहिल्यांदा जिथवर बुडवला त्याच्या वर पुढे कधी बुडवायचा नाही, नाहीतर गरम मेण थराच्या आत शिरून अडकतं. मधे बोटं हलवायची नाहीत. थराला चीर पडली की तिथून मेण आत जातं आणि भाजतं. घरी चटके बसतात ते अनेकदा या दोन चुकांनी. शेवटचा थर झाला की प्लास्टिकची पिशवी, वर टॉवेल, आणि १५ ते २० मिनिटं हात उंचावर ठेवून बसायचं. मग थर मनगटाकडून मोज्यासारखा सोलायचा.

बोटांना संवेदना कमी असेल (मधुमेहात हे लक्षातही येत नाही), रक्तपुरवठा कमी असेल, जखम किंवा त्वचेचा संसर्ग असेल, किंवा सांधा आधीच लाल, गरम, फुगलेला असेल तर मेण नको. शेवटच्या बाबतीत ओल्या कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं जास्त बरा. आणि आठवड्यातून एकदाच शेक घेण्याइतका वेळ असेल तर भांडं घेऊच नये. रोज सकाळी कोमट पाण्यात १० मिनिटं बोटं उघडझाप करणं त्याहून फायद्याचं.

झाकणं, मुठी, कात्र्या

स्प्लिंटपेक्षाही लवकर गुण येतो तो इथे, आणि याच वस्तू घ्यायला लोक सर्वांत जास्त संकोचतात. हात गेले असं कबूल केल्यासारखं वाटतं त्यांना. तसं काही नाही. १२ पटीचं गणित सगळ्यांनाच लागू आहे.

झाकण घट्ट का असतं ते आधी पाहू. हवाबंद बरणीत आत पोकळी असते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. म्हणून धातूच्या झाकणाची कड किंचित उचलून हवा आत सोडणारी छोटी तरफ ही आमची पहिली पसंती. टक आवाज येतो आणि झाकण बोटांनी फिरतं. प्लास्टिकच्या आट्यांच्या झाकणाला आणि एकदा उघडलेल्या बरणीला तिचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवायचा इंग्रजी व्ही आकाराचा दातेरी ओपनर सर्वोत्तम. झाकण खाचेत सरकवायचं, बरणी दोन्ही तळव्यांत धरायची आणि खांद्यातून फिरवायची; अंगठ्याला काही करावंच लागत नाही. नुसत्या दुहेरी टेपने चिकटवलेला असेल तर तो पहिल्या घट्ट झाकणाला हातात येतो, स्क्रूच हवेत. रबरी टोपीसारखा ओपनर घसरू देत नाही, पण पकडून दाबावं लागतंच, म्हणून अर्धाच उपयोगी. पट्टा आवळून फिरवायचे ओपनर टाळावेत. पट्टा ओढताना नेमकी अंगठ्याचीच चिमटी लागते. विजेवर किंवा सेलवर चालणारा ओपनर चांगला, फक्त अगदी लहान झाकणांवर त्याची पकड बसते का ते पाहून घ्यावा. काहीच नसेल तर सिलिकॉनची चटई झाकणावर, एक बरणीखाली, आणि वरून तळव्याने दाबून फिरवायचं.

मुठीची जाडी ३ ते ४ सेंटिमीटर असली की हात कमी आवळावा लागतो. यासाठी फोमची नळी कापून चमच्यावर, ब्रशवर, स्क्रू ड्रायव्हरवर चढवावी. भोक मुठीपेक्षा किंचित लहान असावं, सैल नळी फिरते आणि उलट जास्त आवळावं लागतं. पेन जाड आणि शाई सहज सुटणारा घ्यावा, बॉलपेनला दाबावं लागतं. कात्री आपोआप उघडणारी, स्प्रिंगची. सुरीची मूठ पात्याला काटकोनात उभी असेल तर ती मुठीत धरून करवतीसारखी चालवता येते. किल्लीला लांब पट्टी बसवली की ती चिमटीत न धरता तळव्याने वळते. फिरवायच्या नळाऐवजी दांडीचा नळ. फडकं पिळण्याऐवजी नळाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं एकत्र ओढावीत. फोन एका हातात धरून त्याच अंगठ्याने लिहिणं हे या सांध्याचं आजचं एक मोठं ओझं आहे. फोनला स्टँड आणि बोलून लिहिणं, एवढ्या बदलाने अनेकांचा संध्याकाळचा ठणका उतरतो.

व्यायामाचा मऊ चेंडू आणि पुटी

चेंडू दाबून हात बळकट होतो असं सगळीकडे सांगतात. अंगठ्याचं बूड झिजलेलं असताना चेंडू अंगठ्याने जोरात दाबणं म्हणजे ज्या बलाने सांधा सरकतोय तेच बल रोज पन्नास वेळा लावणं. चेंडू वापरायचाच तर अंगठा बाजूला ठेवून, चार बोटांनी. पुटी, म्हणजे व्यायामासाठी मळायचा चिकणमातीसारखा गोळा, सर्वांत मऊ घ्यावी.

अंगठ्यासाठी याहून उपयोगी व्यायामांना काही विकत घ्यावं लागत नाही. आधी अंगठा-तर्जनीमधला मांसल पडदा दुसऱ्या हाताने मिनिटभर हलके दाबून सैल करावा. मग पेला धरल्यासारखा अंगठ्याचा आणि बोटांचा गोल करायचा, ५ सेकंद धरायचा, १० वेळा. मधला सांधा उलटा वळू द्यायचा नाही. मग हात करंगळीच्या कडेवर टेबलावर ठेवून तर्जनी अंगठ्याच्या दिशेने वर उचलायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तिला हलका अडथळा द्यायचा, ५ सेकंद, १० वेळा. हा तर्जनीच्या मुळाचा स्नायू आकसला की अंगठ्याचं बूड जागेवर ओढलं जातं, म्हणून तो बळकट करायचा. व्यायामानंतरचं दुखणं २ तासांच्या पुढे टिकलं तर पुढच्या वेळी संख्या निम्मी.

पटकन उरकण्यासारखं

दाबाच्या हातमोज्यांनी ऊब मिळते, सकाळी बरं वाटतं. पण आमवाताच्या रुग्णांवरच्या चाचणीत घट्ट मोजे आणि सैल मोजे यांच्यात फरक निघाला नाही, म्हणून दाबासाठी जास्त पैसे मोजू नयेत; साधे उबदार, बोटांची टोकं उघडी असलेले पुरेत. तांब्याचं कडं आणि चुंबकाचे पट्टे यांचा फायदा चाचण्यांमध्ये दिसलेला नाही. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांपैकी ग्लुकोसामाइनला अमेरिकन सूचनांनी स्पष्ट नकार दिला आहे. काँड्रॉइटिन सल्फेटचा हातासाठी थोडासा पुरावा आहे, रोज ८०० मिलिग्रॅम, ६ महिने. घ्यायचंच तर ३ महिन्यांनी हिशेब करावा आणि फरक नसेल तर थांबवावं. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

नखाच्या मुळाशी पारदर्शक फुगवटा आला तर तो सुईने फोडू नये. तो आतल्या सांध्याला जोडलेला असतो आणि फोडल्यास संसर्ग थेट सांध्यात उतरू शकतो.

थेरपिस्ट, इंजेक्शन, शस्त्रक्रिया

हँड थेरपिस्टकडच्या दोन-तीन बैठका ही सेवा आम्ही यातल्या कुठल्याही वस्तूच्या वर ठेवू. चांगला थेरपिस्ट हात हातात घेऊन तपासतो, चिमटीची ताकद मोजतो, तुमचं रोजचं काम करून दाखवायला लावतो आणि स्प्लिंट बसवल्यावर पुन्हा दोन आठवड्यांनी बोलावतो. पहिल्या भेटीतच शेक-मशीन लावून दहा बैठकांचं पॅकेज सुचवलं आणि अंगठ्याकडे नीट पाहिलंच नाही, तर दुसरीकडे जावं.

स्टेरॉइडचं इंजेक्शन सरसकट घेऊ नये असं युलारचं मत आहे. बोटाचं एखादं पेर फारच दुखत असेल तेव्हा विचार करता येतो. अंगठ्याच्या बुडात दिलेल्या इंजेक्शनने काही आठवडे आराम मिळतो, पुढे फारसा नाही. आमवाताची मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांसारखी औषधं हाताच्या झिजेसाठी दोन्ही सूचनांनी नाकारली आहेत.

सहा महिने हे सगळं नीट करूनही रात्री झोप मोडत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. बुडाची ट्रॅपिझियम नावाची लहानशी हाडकी काढून टाकणं ही जुनी आणि विश्वासाची पद्धत. तिच्यात स्नायूबंध वळवून बसवण्यासारखी जोडकामं करतात, पण त्यामुळे निकाल जास्त चांगला येतो असं तुलनांमध्ये दिसलेलं नाही आणि गुंतागुंत थोडी वाढते. म्हणून सर्जन जोडकाम सुचवत असेल तर माझ्याच हातात ते का हवं, हे विचारावं. दुखणं बहुतेकांचं जातं, पण चिमटीची ताकद परत यायला ६ ते १२ महिने लागतात. नखाजवळच्या पेरासाठी सांधा थोडा वाकवून कायमचा जोडून टाकतात: हालचाल जाते, दुखणंही जातं. अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे ४ ते ६ आठवडे हात बांधलेला असतो, आणि प्लास्टर निघाल्यावर पुन्हा स्प्लिंट लागतो. तो खणातला जुना चालत नाही, सुजेने आणि बदललेल्या आकाराने तो बसत नाही. नवा, मापाने घडवलेला घ्यावा आणि त्याची वेळ थेरपिस्टकडे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून ठेवावी.